कावळ्याला कबूल केलेला निबंध

मेलेल्या माणसाला मार्क मिळतात का?

हे मी भटजींना विचारलं, हिर्डोशीच्या एसटीच्या कंडक्टरला विचारलं, शेजारच्या चिमाजी तात्यांना तर दोनदा विचारलं. भटजी म्हणाले, "दर्भ नीट धर." कंडक्टर म्हणाला, "मागं सरक." तात्या दोन्ही वेळा म्हणाले, "जेवलास का?" उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

विचारायचं कारण असं. माझा थोरला भाऊ सोमनाथदादा भोरला हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता आणि बाहेरून बी.ए. करत होता. घरातली शिक्षणाची सगळी हौस त्यानंच घेतली, माझ्या वाट्याला काही ठेवली नाही. (मी सातवी नापास. सातवीत कुणाला नापास करत नाहीत म्हणतात. माझ्यासाठी काढली असेल काहीतरी वाट.) श्रावणात दादाला ताप भरला आणि आठवड्याच्या आत तो गेला. दवाखान्यात ग्लानीत एकच बोलायचा, "निबंध ऱ्हायला." नर्सबाईंना वाटलं, कुणी पाहुणा यायचा राहिलाय.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा आला, समोरच्या जांभळीवर बसला, पण खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग एकेक जण पुढं होऊन दादाला शब्द देऊ लागला.

आई म्हणाली, "तुझ्या सुलक्षणाला लेकीवानी संभाळीन." कावळा हलला नाही.

अण्णा म्हणाले, "तुझी गाडी इकणार न्हाई." कावळ्यानं पंख खाजवला.

बांधावरच्या आंब्यावरून तात्यांचं दादाशी भांडण होतं. तात्यांनी सगळ्यांदेखत आंबा सोडून दिला. कावळ्यानं तात्यांकडं पाठ फिरवली.

ऊन डोक्यावर आलं. लोक मोबाईल काढून वेळ बघू लागले. दादा एकटाच तिथं अडकून पडलाय आणि आम्ही सगळे घरी जेवायला जाणार, असं माझ्या मनात आलं आणि मी काही विचार न करता बोलून गेलो, "दादा, तुझा निबंध मी लिवतो."

कावळा झपकन खाली आला.

(माझ्या लिहिण्यावर भरवसा ठेवणारा गावातला तो पहिला आणि शेवटचा.)

"आता लिव, अमृत," तात्या कानाशी म्हणाले. "कावळ्यानं ऐकलंय. तुला आधी बोलाया काय झालतं? माझा आंबा फुकाट गेला."

घरी आल्यावर सुलक्षणावहिनीनं दादाच्या पिशवीतून कॉलेजचा कागद काढून दिला. सोमवारपर्यंत जमा करायचं होतं. लिहिलं होतं, 'आवडीचा विषय निवडून मुद्देसूद निबंध लिहा.'

"आवडीचा म्हंजे कुणाच्या?" मी विचारलं.

"त्यांच्या."

"पण लिवणार मी."

"मग तुमच्या, भावजी."

"पण नाव दादाचं."

वहिनी रडायला लागली, म्हणून मी "बरं, बरं" म्हणालो. (कशाला बरं, ते मला कळलं नव्हतं.)

कागदावर निबंध तपासणाऱ्या शुभामॅडमचा नंबर होता. दादाच्याच मोबाईलवरून फोन लावला.

"बोला सोमनाथ," मॅडम म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्याला कुणी अशी साधी हाक मारली नव्हती. मला 'मी सोमनाथ न्हाई' म्हणवेना.

"इषय घावंना, मॅडम."

"लहान विषय घ्या. मोठा घेतला की माणूस भरकटतो. आणि सुरुवात, मध्य, शेवट आधी ठरवा, मगच लिहा."

मी 'शेती' घेतली. ती मोठी वाटली म्हणून 'भात' घेतला. भातातून लावणी घेतली, लावणीतून चिखल, चिखलातून खेकडा. खेकडा लहान होता, पण त्याची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, हे काही ठरेना. तो चालतोच आडवा. आईला विचारायला गेलो तर ती म्हणाली, "खेकड्याचं कालवण त्याला लई आवडायचं," आणि चुलीपुढं डोळ्यांना पदर लावून बसली. मी खेकडा सोडून दिला.

शेवटी विषय घेतला, 'माझा भाऊ'. यात सुरुवात, मध्य, शेवट सगळं आयतं होतं. शेवट तर अजून ओला होता. एका बैठकीत लिहून काढला. 'माझा भाऊ लई गुणाचा. स्वतः भिजून मला छत्रीत घेणारा. तो गेल्यापासून घरात कुणी मोठ्यानं हसत नाही.' वर नाव घातलं सोमनाथ आनंदराव पारठे, कारण निबंध त्याचा होता. मला हे सगळं अगदी बरोबर वाटत होतं.

सोमवारी भोरला गेलो. आम्हा भावांचा चेहरा एका साच्यातला, त्यात दहाव्याला केस उतरवलेले, वर पांढरी टोपी. मॅडमना संशय आला नाही. त्यांनी निबंध वाचला, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं.

"तुमचे भाऊ गेले?"

"व्हय."

"भावाचं नाव नाही लिहिलंत. काय नाव होतं?"

मी 'सोमनाथ' म्हणणार होतो. पण सोमनाथ तर कागदावर वर बसला होता आणि मॅडमसमोर खुर्चीतही तोच बसला होता. माझ्या डोक्यात चिखल झाला.

"अमृत," मी म्हणालो.

"धाकटे?"

"व्हय."

"फार वाईट झालं," मॅडम म्हणाल्या, आणि शिपायाला माझ्यासाठी चहा आणायला सांगितलं. (माझ्या मरणाचा चहा मीच प्यायलो. साखर जास्त होती.) खरं सांगावं असं ओठावर आलं होतं. पण सांगितलं की दादाचं नाव तिथंच खोडणार, निबंध परत देणार, आणि मी कावळ्याला काय तोंड दाखवणार?

"निबंध मनापासून लिहिलाय," मॅडम म्हणाल्या, "पण नुसतीच स्तुती आहे. दुसरी बाजू पाहिजे. माणूस म्हटला की दोष असतातच. बाहेर बसा आणि भावाचा एखादा दोष लिहून आणा. मग जमा करून घेते."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दादाचा दोष आठवायला लागलो. रागावायचा, पण माझ्याच भल्यासाठी. घोरायचा, पण तो काय दोष झाला? आता कुणी घोरत नाही म्हणून मला झोप लागत नाही. पोरं घरी निघून गेली, शिपाई खिडक्या लावू लागला, कागद कोराच.

मग ध्यानात आलं. कागदावर जो गेलाय, तो दादा नाहीच. तो अमृत आहे.

पेन जे सुटलं ते थांबेना. कागद पुढून भरला, मागून भरला, समासही भरला. मी उठलो, मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि दादासाठी आणखी दोन कोरे कागद मागून घेतले.