सुरणाने गादी राखिली त्याची हकीकत

श्रीभूमाता प्रसन्न, जिचे उदरी कंद पिकतात. शके पंधराशे त्र्याहत्तर, खरनाम संवत्सरी, भाद्रपद वद्य पक्षापासोन दसऱ्यापावेतो या राज्यात जे वर्तमान जाहाले ते ऐकिले तैसे लिहितो. पदरचे घालावे ऐसा मोह पुष्कळ होतो, परंतु आवरिला आहे. राज्याचे नाव पुसू नये. राजे श्रीमंत हैबतराव महाराज, शूर, उदार, रूपाने गोमटे, आणि सर्व यथास्थित असता महाराजांस मूळव्याध जाहाली. आता ज्या पुरुषाचा धंदाच गादीवर बसण्याचा, त्यासच बसवेना, याला काय म्हणावे? मग महाराज उभ्याने न्याय करू लागले, उभ्याने भोजन करू लागले, आणि घोडा दिसला की डोळे मिटू लागले. दरबारी लोक मात्र म्हणो लागले की स्वारी अलीकडे फारच तडफदार जाहाली, क्षणभर टेकत नाही.

तशात दसरा जवळ आला. या राज्याची रीत ऐसी की विजयादशमीस महाराजांनी गादीवर बसावे, आणि थोर सरदारापासून शेवटल्या शिलेदारापावेतो सर्वांचा मुजरा होईतो उठू नये. मध्येच उठल्यास जवळच्या भाऊबंदाने भर दरबारी 'गादी रिकामी' म्हणावे आणि आपण बसावे. जवळचे भाऊबंद म्हणजे महाराजांचे चुलते, काकासाहेब भुजंगराव. यांचा गादीवर डोळा मिसरूड फुटल्यापासून. पुतण्याचे दुखणे कळताच यांनी जरीचा अंगरखा शिवावयास टाकिला, आणि महाराजांस भेटून फार वाईट वाटल्याचे सांगितले, तेही हसू दाबून. महाराज राणीसाहेबांपाशी कष्टी होऊन बोलिले की राज्य शत्रूने घेतले असते तर काही नाव तरी जाहाले असते, हे असे जाणार, लोक काय म्हणतील.

राणी द्वारकाबाईसाहेब कोकणच्या. त्यांनी माहेरी माणूस धाडून सुरण आणविले. हत्तीचे पाऊल तुटून पडावे ऐसे ते ओबडधोबड रूप पाहोन देवडीवरचे पहारेकरी दचकले आणि भाले रोखून उभे राहिले. मग भैरंभट वैद्य यांस विचारिता ते बोलिले की बाईसाहेबांनी उत्तम केले, सर्व कंदांत सुरण सरदार, पूर्वी ऋषिमुनी हाच खाऊन अरण्यात सुखे बसत, हा भूक वाढवितो, कोठा साफ ठेवितो, आणि मूळव्याधीचा तर हाडवैरी. खोड एकच की घशास खाजवितो, म्हणोन चिंचेच्या पाण्यात उकडावा.

आणि येथेच सर्व घोटाळा. महाराजांचे आजे एकदा तोंडात चिंच धरून परराज्याच्या वकिलास भेटले, त्यासमयी त्यांची मुद्रा ऐसी वाकडी जाहाली की वकिलास तो अपमान वाटला आणि त्यावरून मोठी लढाई जाहाली. तेव्हापासोन राजवाड्यात चिंच, कैरी, आमसूल, लिंबू, आंबट म्हणून जे काही ते सर्व बंद, आणि मुदपाकखान्याचे आचारी तशी शपथ घेऊनच चुलीपाशी बसत. राणीसाहेब कसल्या ऐकतात? त्यांनी पदराआड चिंच आणिली आणि महाराजांपुरते सुरण स्वहस्ते करो लागल्या. महाराजांनी जन्मात आंबट चाखिले नव्हते, त्यांस वाटले सुरणाची चवच ही. गुण आला. महाराज प्रथम पाटावर, मग लोडाशी, मग खुशाल मांडी घालून बसो लागले, आणि आनंदाच्या भरात पंगतीत भाजीची तारीफ करून बैसले. झाले! महाराज जे वाखाणितील ते दरबाराने दोनदा वाढून घ्यावे ऐसा शिरस्ता. आचाऱ्यांनी दरबारासाठी सुरण केले, ते शपथेस जागून बिनचिंचेचे. सरदार खाऊ लागले आणि घशात काट्याकुसळांचे रान माजले. कोणी खांबास मान घासितो, कोणाच्या डोळ्यांतून धारा, परंतु वाईट म्हणावयाची छाती कोणाची? चिटणीस तर रडत रडत 'अवीट गोडी' म्हणाले. महाराजांस वाटले, आपण बरे जाहालो म्हणोन मंडळींस गहिवर आला. मग त्यांचाही ऊर भरून आला आणि नित्य सुरण करावे ऐसा हुकूम जाहाला.

दसरा उजाडला. महाराज गादीवर निर्धास्त बसले, मुजरे चालू जाहाले. काकासाहेब जरीचा अंगरखा घालोन आले. सकाळीच फराळाचे वेळी आपली निष्ठा सर्वांच्या नजरेत भरावी म्हणोन त्यांनी सुरण चापून हाणिले होते आणि खाज कशीबशी दाबून धरिली होती. मुजऱ्यास वाकले ते वाकलेच. घसा आवळला, तोंड लालबुंद जाहाले, श्वास कोंडला, आणि गृहस्थ गडबडा लोळू लागले. तेव्हा चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेबांनी चिंचेच्या पाण्याचा तांब्या पुढे सरकाविला आणि म्हणाल्या, "हे चिंचेचे पाणी पाजा कोणीतरी, नाहीतर काका जातात." आंबटाचे नाव ऐकताच दरबार मागे सरला. महाराजांनी तांब्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि उठले. स्वहस्ते काकांचे मस्तक मांडीवर घेऊन पाणी पाजिले.

काकासाहेबांस श्वास आला, कंठ मोकळा जाहाला. समोर गादी रिकामी. सर्वांचे प्राण कानांत गोळा जाहाले. मग काकासाहेब बोलिले, "अजून आहे का?" महाराजांनी उरलेले पाजिले. ते पिऊन काकासाहेब बराच वेळ पुतण्याच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "आमचे डोळ्यांस पाणी आले आहे, काही दिसत नाही. महाराज बसलेच असतील. नसतील तर आम्ही डोळे पुसतो, तोवर बसून घ्यावे."

महाराज बसले. काकासाहेबांनी डोळे सावकाश पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

सारांश, सुरण गुणकारी, परंतु चिंच घालावी आणि ती उघड घालावी. तैसा हुकूमही त्याच दिवशी निघाला. महाराजांनी पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले, आणि ते बसून केले. लिहिणाराचा घसा अद्याप खवखवतो, सबब पुरे.