चपट्या सोनेरी घड्याळाची आणि त्याच्या पट्ट्याची बखर

श्री. ज्याच्या चालीने दिवस पुढे आणि रात्र मागे चालते त्या काळपुरुषास साष्टांग दंडवत. “सूनबाई, हे आपल्या हाताने बांधायचे. दुसऱ्याचे बोट लागू देऊ नका,” ऐसा कैलासवासी थोरल्या महाराजांचा शब्द, चोवीस वर्षांमागे भरल्या सभेत उच्चारिला, तो ज्यांच्या कानी अद्याप घुमत होता त्या श्रीमंत भागीरथीबाईसाहेब गादीवर असता, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले ते जसे पाहिले तसे लिहितो.

राज्याचा रिवाज ऐसा की दर बारा वर्षांनी नवे घड्याळ घ्यावे, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेस, दुपारची बाराची तोफ होताच, गादीच्या धन्याने सभेसमोर त्यास चावी द्यावी आणि स्वहस्ते मनगटावर बांधावे. बांधले म्हणजे पुढील बारा वर्षे शिक्का त्याचा. न बांधवले तर शिक्का भाऊबंदांत जो पुढचा असेल त्याचा. याचे कारण पूर्वी एक महाराज फार भांग पीत, आणि त्यांच्या मनगटी हुजऱ्यांनी घड्याळ बांधावे, हुजऱ्यांनीच वेळ सांगावी आणि हुजऱ्यांनीच शिक्के मारावे, ऐसे नऊ महिने चालले होते. तेव्हापासून हा कायदा. बाईसाहेबांनी पती हयात नसता दोन वेळा घड्याळ बांधिले, दोन वेळा शिक्का राखिला, आणि आता तिसरी खेप आली. पुढचे भाऊबंद म्हणजे धाकटे दीर हैबतराव. माणूस वाईट नव्हे, हसतमुख, देखणे, परंतु मनात एकच धरून बसलेले की नदीकाठचे सात गावांचे गायरान मोडावे आणि तेथे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान करावे. बाईसाहेबांनी नाही म्हटले, आणि मग पुन्हा नाही म्हटले, आणि सात गावांची गुरे तोवर निवांत चरत होती.

परंतु गेल्या चैत्रात, गुढी उतरली त्या दिवशी, बाईसाहेबांच्या हातून देवीच्या हळदीकुंकवाचा करंडा पडला, आणि मग दुसऱ्या दिवशी वेणीचा पेड सुटला, आणि तिसऱ्या दिवशी कळून आले की उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे झोपी गेली ती उठत नाहीत. वैद्यांनी लेप दिला, शेक दिला, शपथेवर तोंड बंद ठेविले. दुसरी जाणती एकटी दासी तान्हाई. ती केस विंचरी, पदर खोवी, आणि तेल चोळताना त्या बोटांशी लहान लेकराशी बोलावे तसे बोले. बाईसाहेबांनी त्या दिवसापासून पंक्तीत जेवणे सोडिले, कारण उजव्या हाताने घास उचलेना आणि डाव्या हाताने चारचौघांत उचलता येईना. सांगितले की व्रत आहे. हैबतराव पंक्तीत मोठ्याने म्हणत, “वहिनीसाहेबांचे व्रत मोठे कडक. देवसुद्धा म्हणत असेल, आता जेवा हो.” आणि मंडळी हसत, आणि आत पडद्यामागे बाईसाहेब ऐकत.

मग घड्याळ निवडण्याचा दिवस आला आणि बंदरावरून सोराबशेट पारशी पेट्या घेऊन हजर झाले. सोराबशेटांनी मखमल पसरली आणि तीवर घड्याळे मांडली, आणि सभा पुढे सरकली. एक चौकोनी, निळ्या काट्यांचे; एक चंद्राचे, ज्याच्या तबकडीत एवढासा चंद्र वाढतो आणि घटतो; एक पोलादी, जाड, ज्यास चावीच द्यावी लागत नाही, मनगट हलले की आपले आपण चालते; आणि एक सोन्याचे, चपटे, दुधासारख्या पांढऱ्या तबकडीचे, दोनच काटे, सेकंदाचा काटा नाही, आकडे नाहीत, बारा ठिकाणी बारा बारीक रेघा. हे शेवटचे बाईसाहेबांनी डाव्या हातात घेतले आणि कानाशी धरिले आणि पुष्कळ वेळ खाली ठेविले नाही. फडणीस म्हणाले, चंद्राचे घ्यावे, तिथी कळेल. कोठावळे म्हणाले, पोलादी घ्यावे, पडले तरी फुटत नाही. सोराबशेट म्हणाले, सेकंदाचा काटा हमालाला आणि डॉक्टरला, दरबारी माणसाला दोन काटे बस, त्याच्यासाठी लोक थांबते, तो कोणासाठी थांबत नाय. हे सभेस फार आवडले, आणि सोन्याचे ठरले.

पुढे पट्ट्याचा प्रश्न निघाला आणि त्यात तीन दिवस गेले. सोराबशेटांनी मगरीचे कातडे दाखविले, काळे, चौकड्या चौकड्यांचे. शहामृगाचे दाखविले, ज्यावर पिसांच्या मुळांच्या पुटकुळ्या. मग एक मऊ तपकिरी पट्टा काढून सहज बोलून गेले की हे वासराचे, आणि सभा अशी गप्प जाहली की चारही घड्याळांची टिकटिक ऐकू आली. सोराबशेटांनी तो पट्टा उचलून खिशात घातला आणि म्हणाले, “बकऱ्याचे बी आहे.” मग बकऱ्याचे पाहिले, बाटलीसारखे हिरवे, काठाला त्याच रंगाची शिवण. पुरोहित म्हणाले, देवीसमोर कातडे कसे. तेव्हा रेशमी फीत पाहिली, ती हैबतरावांनी झोपाळ्याच्या दोरीस शोभेल म्हणून हसण्यावारी नेली. तेव्हा पोलादी साखळी पाहिली, ती सोन्याच्या घड्याळास लावून सोराबशेटांनी स्वतःच डोळे मिटून घेतले. अखेर पुरोहितांनी तोड काढली की सभा देवळाच्या पायरीखाली भरते, सबब कातडे चालेल, आणि बकऱ्याचे हिरवे ठरले. आणि हैबतराव म्हणाले की वडिलोपार्जित चाल कातड्याच्या पट्ट्याची आणि आकड्याच्या बकलाची आहे, तेव्हा वहिनीसाहेबांनी तीच ठेवावी. हे बोलताना त्यांनी बाईसाहेबांच्या पदराखाली झाकल्या हाताकडे पाहिले, आणि बाईसाहेबांनी ते पाहिले, आणि हो म्हणाल्या.

हो म्हणाल्या खऱ्या, परंतु आकड्याचे बकल म्हणजे काय, तर पट्ट्याचे शेपूट ओढावे, काटकी भोकात घालावी, उरले शेपूट कड्यातून सारावे; आणि डाव्या मनगटावर हे सर्व उजव्या हातानेच होते, आणि उजवा हात तर झोपलेला. मग तान्हाई मागल्या दाराने सोराबशेटांकडे गेली आणि कोणासाठी हे न सांगता बोलली की पोलादी घड्याळास स्प्रिंगचा पट्टा पाहिजे, जो बांगडीसारखा हातात सरतो. सोराबशेट कळवळून म्हणाले, “अरे बाई, शेरवानीवर गंजीफ्राक घालते काय कोण?” तरी घड्याळास लावून दिला. तो बाईसाहेबांनी एकांती हातात घालून पाहिला. उजव्या तळव्याच्या टाचेने लोटिला, आणि सरकला, आणि बसला. चावीचे काम नाही, बकलाचे काम नाही. आयत्या वेळी सोन्याचे नापसंत म्हणावे, हे उचलावे, तळव्याने लोटावे, कोणास कळणार नाही, शिक्का राहील, गायरान राहील. मनगटावर मात्र ते घड्याळ तव्यासारखे दिसले, आणि स्प्रिंगेत चार केस अडकून तुटले.

तान्हाईने ते काढून ठेविले आणि बोटांस तेल चोळू लागली, आणि चोळता चोळता म्हणाली, “बसलं तर खरं, बाईसायब. पर बारा वर्सं पंगत सोडूनच जेवायचं का?” मग तान्हाई म्हणाली की मी जन्माची डावरी, मला कोणी घड्याळ दिले असते तर मी उजव्याच मनगटावर बांधिले असते, त्यात अवघड ते काय. बाईसाहेबांनी तेल पुसले आणि तिच्या तोंडाकडे पाहिले. इतके दिवस पट्टे, बकले, साखळ्या, फिती, स्प्रिंगा पाहिल्या, आणि दुसरे मनगट कोणी पाहिले नव्हते, कारण भिंतीवर टांगलेल्या नऊही महाराजांच्या तसबिरींत घड्याळ डावीकडे होते. बाईसाहेब म्हणाल्या की उजव्यावर बांधिले तर सगळे पुसतील, उजव्यावर का. तान्हाई म्हणाली, पुसतील की. बाईसाहेब म्हणाल्या, आणि डाव्या हाताने शुभकार्य करू नये म्हणतील. तेव्हा तान्हाई हसली, आणि बोटे चोळता चोळता तिने जात्यावरच्या चालीत आपली ओवी म्हटली:

उजव्या गं हाताचा, त्याचा डंका दारोदारी
डाव्या गं हातानं, लेक धरिली कडेवरी

आणि मग बाईसाहेबांनी ते सोन्याचे घड्याळ आणि हिरवा पट्टा मागविला, आणि पौर्णिमेस अकरा दिवस होते तेवढे अकरा दिवस शिकल्या. पट्टा कोरा, ताठ, ऐकेना. उजवे मनगट गुडघ्यावर टेकावे, शेपूट मांडीशी दाबून ताणावे, डाव्या अंगठ्याने काटकी भोकात लोटावी. भोक सापडले तर घड्याळ पालथे होई, घड्याळ सावरिले तर भोक निसटे. पहिल्या दिवशी एकदाही नाही. चौथ्या दिवशी एकदा. सातव्या दिवशी रागाने पट्टा फेकिला, आणि तान्हाईने उचलून आणिला, आणि पुन्हा बसल्या. चावी तर आणखी नाजूक, गव्हाच्या दाण्याएवढे बोंड. घड्याळ उजव्या तळव्यात खोबणीत ठेवावे आणि डाव्या चिमटीने फिरवावे, ऐसे जमले. दहाव्या दिवशी पाच वेळांत पाच वेळा. तरीही तबकात दोन्ही घड्याळे ठेवावी ऐसे बाईसाहेबांनी सांगितले, आणि त्या कोणते उचलणार हे तान्हाईसही सांगितले नाही.

पौर्णिमेस सभा भरली. सात गावांचे पाटील मागे उभे. हैबतराव समोर, नवा फेटा, शिक्क्याच्या पेटीजवळ. बाराची तोफ झाली, कावळे उडाले, आणि तबक पुढे आले, त्यात पोलादी उजवीकडे आणि सोन्याचे डावीकडे. बाईसाहेबांचा डावा हात पोलादी घड्याळावर गेला आणि तेथे थांबला, एक घटका म्हणावी इतका थांबला, आणि मागे पाटलांतला एक जण खोकला. मग हात उचलला आणि सोन्यावर आला. मग बाईसाहेबांनी नऊ महिने पदराखाली झाकलेला उजवा हात बाहेर काढून सर्वांदेखत गुडघ्यावर ठेविला, तळवा वर, आणि बोटे आपली आपण मिटली ती मिटलीच राहिली, आणि सभेने ते पाहिले. चावी दिली, अठरा वेढे, मोजता येतील इतकी शांतता. मग मनगट पालथे करून घड्याळ त्यावर ठेविले. एकदा निसटले. हैबतराव नकळत उठून हात पुढे करून म्हणाले, “वहिनीसाहेब, मी धरू का?” आणि ते बोलणे कपटाचे नव्हते, हे लिहिणाऱ्याने त्यांचे तोंड पाहिले म्हणून लिहितो. बाईसाहेबांनी नको म्हणून मान हलविली. दुसऱ्या खेपेस काटकी भोकात गेली, शेपूट कड्यातून सरले. पुरोहित डाव्या हाताचे काही बोलू लागले, तोच मागून एक पाटील म्हणाला की आमची गुरं डाव्याच हातानं सोडतो, उजव्यात काठी असती. आणि पुरोहित बसले.

सारांश. घड्याळ सोन्याचे, चपटे, दोन काट्यांचे घेतले. पट्टा बकऱ्याच्या कातड्याचा, हिरवा, आकड्याच्या बकलाचा. बांधिले उजव्या मनगटी, डाव्या हाताने, दुसऱ्याचे बोट न लागता. पोलादी घड्याळ सोराबशेटांनी परत नेले. शिक्का होता तेथे राहिला, गायरान होते तेथे राहिले, आणि त्या दिवशी बाईसाहेब पंक्तीत बसल्या आणि डाव्या हाताने दोन वेळा भात मागून घेतला. परंतु त्याआधी, बकल लागल्यावर आणि कोणी काही पुसण्यापूर्वी, हैबतरावांकडे पाहून त्या जे बोलल्या ते अक्षरशः असे: “भाऊजी, चैत्रापासून माझा उजवा हात गेला आहे. मी लपवले. तुम्हाला भिऊन लपवले. आजपासून हुकमावर डाव्या हाताची सही येईल. अक्षर वाकडे येईल, वाचायची सवय करा.”