जोगळेकर सरांच्या जाळ्यातली पोकळी

परसात साप दिसला म्हणून मी बोंब मारली, तर जोगळेकर सरांनी आतूनच विचारलं, "बघितलास की वाटला?"

"वाटला," मी म्हटलं. साप खराच होता, पण खात्री करायला परत जायची माझी छाती नव्हती.

सर कॉलेजातून निवृत्त झालेले, घरात एकटे. फार लांबच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य वस्त्या, कुठं दाटल्यात नि कुठं नाहीत, हा त्यांचा अभ्यास. संगणकावरून जागा काढायच्या आणि माजघरात छताखाली ताणलेल्या जुन्या मासेमारीच्या जाळ्याला तिथं तिथं मणी बांधायचे. "मेल्या, विश्व असंच आहे. धागे, आणि मधे पोकळ्या. आत जवळजवळ काही नाही." हे ऐकल्यापासून मी जाळ्याखालून वाकून जातो.

मी नांदेडकडचा, सातवीत शाळा सोडलेली. बंदरावर फाटकी जाळी विणतो. तापानं फणफणलो तेव्हा मुकादमानं हाकललं, सरांनी पडवीतली खोली दिली. ती जाईल ही धास्ती अजून आहे. म्हणून ते पुण्याला गेले तेव्हा म्हटलं, आपल्या हातानं काहीतरी करावं. सरांचं जाळं मधोमध हातभर फाटलं होतं. दोन दिवस बसून असं विणलं की जोड दिसू नये.

सर आले. वर बघितलं. बॅग हातातच राहिली.

"इथली पोकळी कुठाय?"

म्हणजे ते भोक फाटलेलं नव्हतं. चार वर्षं मोजमाप करून त्यांनी ती स्वतः कापली होती! मी मुकाट कपडे पिशवीत कोंबायला लागलो.

"पिशवी ठेव. गाठी सोडव. कात्री नको, कडेचे मणी निसटतील."

सहा रविवार लागले. मी स्टुलावर, सर खाली दोरा गुंडाळत. आई काय करते, तिला फोन करतोस का, तिकडं भाकरी कसली, विचारत राहायचे. शेवटची गाठ सुटली. "झालं," मी सुटकेनं म्हटलं. सरांनी गुंडाळलेला दोरा खिशात टाकला.

पुढच्या रविवारी हाक आली. "अरे, हे काय करून ठेवलंस!"

शेजारची पोकळी बुजलेली. भीतभीत हात लावला. गाठी ढिल्या, वाकड्या. बंदरावर अशी गाठ मारली तर शिव्या खाईन. खाली बघितलं. सरांच्या बोटांवर दोऱ्याचे लाल वळ होते.

"सर, ह्या गाठी माझ्या नाहीत."

"बघितलंस की वाटलं?"

टेबलावर चहाचे दोन कप आधीच मांडलेले होते.

"वाटलं," मी म्हटलं, आणि स्टूल ओढलं.