फेलिसिटी नावाची बाई

मी चिंतामणी धैर्यवान, गिरगावातला एकमेव खासगी गुप्तहेर. ठाकूरद्वारला आणखी एक होता, पण त्याने गुप्तता इतकी पाळली की गिऱ्हाइकांना तो सापडलाच नाही. माझी बुद्धी वस्तऱ्यासारखी, नजर दुर्बिणीसारखी आणि विनयाबद्दल तर मी स्वतः काय बोलणार! त्या सकाळी मात्र हातात केस नव्हती. डोक्यावरचे तर केव्हाच गेले होते.

तेवढ्यात आमच्याच सोसायटीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या सुमतीवहिनी विजयकर आल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचं बाहेर काहीतरी आहे."

'हे' म्हणजे रामदासराव. विमा कंपनीतून रिटायर झालेले, दुसरा कप चहासुद्धा बायकोला विचारून घेणारे.

"रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून बोलत बसतात," वहिनी म्हणाल्या. "मी दाराला कान लावला. 'फेलिसिटी, फेलिसिटी, फेलिसिटी!' मग 'लुगु' असं काहीतरी. मी हाक मारली की एकदम गप्प. मोबाइल छातीशी धरून बाहेर येतात." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी एवढ्या प्रेमाने हाक मारली नाही हो."

"वहिनी, तुम्ही त्यांनाच का नाही विचारत?" चहा घेऊन आलेली उर्वी म्हणाली. ही माझी बायको आणि बिनपगारी सहायक.

मी हात वर करून तिला थांबवलं. "विचारलं की कुणालाही कळतं. त्यात शोध कसला?"

माझं अनुमान तयार होतं. फेलिसिटी हे ख्रिश्चन नाव. म्हणजे खोताची वाडी. मी तिथे दारोदार चौकशी केली आणि फेलिसिटी सापडलीसुद्धा! वय नव्वदच्या आसपास. तिने मला गॅसवाला समजून सिलिंडर बदलायला लावला. रामदासरावांची आवड जरा वयस्कर वाटली, पण प्रेमाचं काही सांगता येत नाही.

आता 'लुगु'. लुगु म्हणजे लुगडं, हे शेंबडं पोरही सांगेल. तिच्यासाठी साडी घेणार, म्हणजे हिंदमाताचा साडीबाजार! मी तिथे एका दुकानात साड्या नेसवलेल्या पुतळ्यांमागे दुपारभर दबा धरून बसलो. रामदासराव आले नाहीत. सेल्समनने मात्र मला दोन साड्या विकल्या. उर्वीला रंग आवडले नाहीत.

शेवटी मी रामदासरावांचाच पाठलाग केला. ते चर्नी रोडच्या बागेत बाकावर बसले आणि मोबाइलकडे बघून पुटपुटले, "एलोप... एलोप."

हा शब्द मला येत होता. मी तीन मजले धापा टाकत चढलो. "वहिनी, ते तिला घेऊन पळणार!"

वहिनी मटकन खाली बसल्या. रडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या भिंतीकडे बघत राहिल्या. माझ्या मागोमाग आलेल्या उर्वीने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो मी इथे लिहीत नाही.

दहा मिनिटांत रामदासराव कोथिंबिरीची जुडी घेऊन घरात शिरले. आता उर्वी थांबली नाही. "भावोजी, फेलिसिटी कोण?"

"कोण नाही, काय," ते गोंधळून म्हणाले. "म्हणजे परमसुख."

"आणि लुगु?" वहिनींनी विचारलं.

"लुगुब्रियस. रडवेला."

"आणि एलोप?" मी दरडावलं.

"पळून जाणं. रोज नवे शब्द पाठ करतोय मी. इंग्रजी."

"या वयात? आणि माझ्यापासून चोरून?"

रामदासराव कोथिंबिरीकडे बघत म्हणाले, "सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीला कुलूप लावायला मी नाही म्हटलं ना, तेव्हा सेक्रेटरी विक्रांत मला सगळ्यांसमोर 'ऑब्ड्युरेट' म्हणाला. मी उठून थँक यू म्हटलं. तू माझं कौतुक झालं म्हणून मजलाभर पेढे वाटलेस, माहेरी फोन केलास. दुसऱ्या दिवशी मी अर्थ बघितला."

"काय अर्थ?"

"हेकट. दगड." ते हळूच म्हणाले. "तू इतकी खूश होतीस. कसं सांगू? म्हटलं, पुढच्या मीटिंगला त्याला त्याच्याच भाषेत उत्तर द्यावं."

वहिनींनी त्यांच्या हातातली जुडी घेतली. "हेकट तर आहातच," त्या म्हणाल्या आणि आता मात्र ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आणा तो मोबाइल. मी घोकून घेते तुमच्याकडून."

रविवारी मीटिंग भरली. विक्रांतने गच्चीच्या कुलपावर लांबलचक इंग्रजी भाषण ठोकलं. रामदासराव उठले. त्यांचा आवाज स्वच्छ होता.

"सेक्रेटरीसाहेब, युवर स्पीच वॉज फॅच्युअस!"

विक्रांतने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि म्हणाला, "थँक यू, थँक यू. सो काइंड."

वहिनी उर्वीच्या कानात कुजबुजल्या, "म्हणजे निव्वळ मूर्खपणाचं." दोघींनी तोंडात पदर कोंबला. मग वहिनी उभ्या राहिल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "गच्ची उघडी राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. मी दोन्ही केले.

अजून मान लववण्यातच गुंग असलेल्या विक्रांतनेही केला. त्याला वाटलं, अजून त्याचंच कौतुक चाललंय.