पितळी पंपाचं उद्घाटन

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांना शेपट्या आहेत त्यांनी त्या आवरून घ्या.

एका जंगलात रस्ते फारसे नव्हते, पण उद्घाटनं पुष्कळ होत. जंगलाच्या कडेला रुंद खाडी होती आणि खाडीपलीकडे जांभळांचं रान. तिकडे नेणारी शिडाची होडी एकच. ती चालवायचा पोशा नाखवा. जातीने पाणमांजर, अंगाने गुबगुबीत, मिशांनी रुबाबदार.

होडी पोशाच्या बापाच्या वेळची. फळ्यांच्या सांध्यांतून थोडं थोडं पाणी आत यायचंच. म्हणून तळाशी एक हातपंप बसवलेला होता. दांडा मागेपुढे केला की साचलेलं पाणी पाइपातून घळाघळा बाहेर. दांडा मारायची पोशाची बायको चांगुणा. पोशा शिडापाशी उभा राहून वाऱ्याला मिशा दाखवायचा.

एकदा दांडा मारला तर पंप नुसता फुसफुसला. चांगुणाने तो उघडला. आतला रबरी पडदा फाटला होता.

"एवढंच होय!" ती म्हणाली. तिने एका जुन्या ट्यूबचा तुकडा गोल कापला, आत बसवला, नट आवळले. जेवायच्या आत पंप पुन्हा पाणी फेकू लागला.

पण तेवढ्यात पोशा धक्क्यावर जाऊन सगळ्यांना सुस्कारे ऐकवून आला होता. पंप गेला, आता कसं व्हायचं, म्हणून. ते ऐकून वाघमहाराजांचे कारभारी धनेशराव आपली लांब चोच घेऊन होडीवर आले.

"पंप बिघडलाय म्हणे?"

"बिघडला होता. बायकोने दुरुस्त केला."

"अरेरे!" धनेशरावांचा चेहरा पडला. "दुरुस्तीचं उद्घाटन कसं करायचं? महाराजांनी काय रबराच्या तुकड्याला हार घालायचा? वाढदिवस तोंडावर आलाय. त्याच पायवाटेचं उद्घाटन दर वर्षी केलं तर लोक ओळखतात हो हल्ली."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "नवा पितळी पंप देतो. महाराजांच्या शेजारी तुझी खुर्ची. उद्घाटनाच्या दगडावर तुझं नाव. बारीक अक्षरात, पण नाव."

पोशाच्या मिशा आपोआप ताठ झाल्या.

"अहो, पंप चालतोय की," चांगुणा म्हणाली.

"चांगुणे, चालतोय हे खरं. पण तो दिसतो कसा?"

नवा पंप आला. तो इतका चकचकीत होता की खेकडे त्यात तोंड बघून केस नसताना भांग पाडू लागले. धनेशरावांच्या माणसांनी, म्हणजे माकडांनी, जुना पंप पाइपासकट उचकटला आणि भर खाडीत फेकून दिला.

"अहो, राहू द्या तो! अडीनडीला लागेल!" चांगुणा ओरडली.

"जुना ठेवला तर नवा कशाला आणला, असं लोक विचारतील," धनेशराव म्हणाले.

नव्या पंपाच्या दांड्याला लाल फीत बांधली गेली. उद्घाटनापर्यंत हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. तोवर चांगुणा करवंटीने पाणी उपसत राहिली. पोशा रात्रंदिवस खुर्चीत कसं बसायचं याची तालीम करत राहिला.

वाढदिवस उजाडला. महाराज आले. त्यांच्याबरोबर रानडुकरं आली, सांबरं आली, ज्यांचं काही काम नव्हतं ते सगळे आले. महाराजांना भर खाडीत, वाऱ्यावर भाषण करायचं होतं. चांगुणाने करवंटी उचलली तशी धनेशरावांनी ती काढून घेतली.

"महाराजांसमोर पाणी उपसणार? होडी गळते असं दिसेल ना!"

होडी खाडीच्या मधोमध आली. महाराज बोलायला उठले. पोशा खुर्चीत बसला होता. गळ्यात हार होता. सुखाने त्याचे डोळे मिटत होते. तेवढ्यात त्याच्या तळव्यांना गार लागलं.

त्याने खाली पाहिलं. पाणी.

त्याने आजूबाजूला पाहिलं. रानडुकरांनी पाय बाकावर घेतले होते. सांबरं शिंगं सावरत उभी होती. प्रत्येकाला वाटत होतं, हा कार्यक्रमाचाच भाग असेल.

"साहेब, पाणी," पोशा कुजबुजला.

"भाषण होऊ दे."

"साहेब, महाराजांची शेपटी तरंगतेय."

"त्यांना चालतं ते."

पाणी पोशाच्या गुडघ्यांपर्यंत आलं. त्याने चांगुणाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. खुर्ची फार मऊ होती हो, बाळांनो. पण होडी बापाची होती. पोशा उठला, पंपावर झेपावला आणि दातांनी त्याने फीत तोडली.

महाराजांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

पोशाने दांडा मारला. दांडा पिसासारखा हलका. पुन्हा मारला. पाणी जिथल्या तिथे. त्याने पंपाखाली हात घालून चाचपलं.

"साहेब, पाइप कुठाय?"

"पाइप दुसऱ्या टप्प्यात आहे," धनेशराव म्हणाले आणि उडून गेले.

"उड्या मारा!" चांगुणा ओरडली. धडाधड उड्या पडल्या. तिने आणि पोशाने म्हाताऱ्या सशांना पाठीवर घेतलं, एका घाबरलेल्या रानडुकराला कान धरून ओढलं. सगळे पोहत, चिखल तुडवत काठाला लागले. होडी मात्र शांतपणे खाली बसली. पोशा काठावर उभा राहून बघत राहिला. शिडाचं टोक बुडालं तेव्हा त्याने गळ्यातला हार काढला आणि कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

चौकशी झाली. धनेशरावांनीच केली. निष्कर्ष सरळ होता. फीत तोडण्यापूर्वी होडी पाण्यावर होती. फीत तोडल्यावर ती बुडाली. तेव्हा दोष फीत तोडणाऱ्याचा.

पंप चिखलातून वर काढला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. "याला म्हणतात दर्जा," महाराज म्हणाले. मग तो पंप उंच टेकडीवर, चौथऱ्यावर बसवला आणि त्याचं रीतसर उद्घाटन झालं. तेव्हापासून पंपाच्या आसपास पाण्याचा थेंबही दिसलेला नाही. योजना पूर्ण यशस्वी झाली.

पोशाला शिक्षा झाली. रोज टेकडी चढायची आणि पंपाला चिंच लावून घासायचं. खाली चांगुणा काठावर नवी होडी बांधते आहे. ठोकाठोकीचा आवाज वरपर्यंत येतो. तो आला की पोशाचा हात थांबतो.

परवा शाळेची सहल आली होती. एका भेकराच्या पिल्लाने विचारलं, "नाखवा, हे यंत्र कशासाठी असतं?"

पोशाने खाडीकडे पाहिलं. मग चिंचेचा गोळा पुन्हा उचलला.

"घासण्यासाठी," तो म्हणाला.

तात्पर्य: बाळांनो, बिघडलेली वस्तू कधी दुरुस्त करू नये, दुरुस्तीला हार घालता येत नाही. नवीन वस्तू आणावी आणि कामाच्या जागेपासून शक्य तितकी लांब बसवावी. म्हणजे ती कधीच नापास होत नाही. आणि पायाशी पाणी आलंच, तर पाय वर घ्यावेत आणि टाळ्या वाजवाव्यात.