जीवनमान साठपैकी साठ

शासकीय नोंदीनुसार गौरजाचा वाकडा जबडा सहा महिन्यांपूर्वी दुरुस्त झाला होता. उरलं होतं ते तिचं जीवनमान मोजणं. त्यासाठी 'जबडा सुधार व जीवनमान उन्नती अभियाना'चे पर्यवेक्षक विनीत सामंत मालवणहून मोटारसायकलने आले आणि देवळाच्या सभामंडपात टेबल मांडून बसले. लाभार्थी घरात बसून वाटेल ते सांगतात, म्हणून मोजणी पंचांसमक्षच व्हावी, असं परिपत्रक होतं. पंच हवेत म्हटल्यावर अख्खी वाडी आली. कोणाला कामधंदा नव्हता असं नाही. पण दुसऱ्याचं जीवनमान फुकटात बघायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतो!

गौरजाचं म्हणणं एवढंसंच होतं. ऑपरेशन झाल्यापासून तिचा खालचा ओठ बधिर होता. चहा गळला तरी कळायचं नाही, बांगड्याचा काटा टोचला तरी नाही. नसांच्या डॉक्टरला वेळेत दाखवा, नाहीतर हे असंच राहील, असं तिला घाटावरच्या इस्पितळात बजावलं होतं. पण अभियानातून त्या डॉक्टरकडे पाठवायचं, तर साठपैकी तिसाच्या खाली गुण हवेत. बिचारीला आयुष्यात पहिल्यांदाच नापास व्हायचं होतं.

सामंत उभे राहिले, घसा खाकरला आणि प्रपत्र वाचू लागले. "सदर लाभार्थीस शस्त्रक्रियेपश्चात अन्न, पेय व तत्सम पदार्थ ग्रहण करणे सुलभ झालेले असून, त्यायोगे तिच्या सर्वांगीण समाधानात भर पडलेली आहे काय?"

देवळात उभं राहून कोणी असं एका दमात लांबलचक म्हणायला लागलं की ते देवाला घातलेलं गाऱ्हाणं, आणि गाऱ्हाण्याला सगळ्यांनी मिळून होकार भरायचा, हे वाडीच्या अंगात मुरलेलं.

"व्हय म्हाराजा!" चाळीस गळे एकदम.

सामंत दचकले, मग खूश झाले. एवढं एकमत त्यांनी कार्यालयाच्या बैठकीतही पाहिलं नव्हतं. त्यांनी पैकीच्या पैकी गुण टाकले. पुढच्या प्रश्नांचंही तेच झालं.

"ओ सायबानु, पण माजो ओठ माका कळणा नाय!" गौरजा कळवळून म्हणाली.

"बधिरतेला रकाना नाही. वेदनेला आहे. वेदना होतात?"

"नाय हो, दुखणा नाय. कायच कळणा नाय!"

"वेदना नाहीत. पाच गुण."

"च्या पिताना गळता, ता पण कळणा नाय."

"म्हणजे चहा घेता. पाच."

तिचे सख्खे चुलते भाईकाका पुढे सरसावले. "बाय गो, सरकारी माणसासमोर रडगाणां कित्याक? गावाची इज्जत जाता!"

इज्जतीचा प्रश्न होताच. गुण चांगले पडले तर वेशीवर 'हसरे गाव' असा फलक लागणार होता, आणि उद्घाटनाचा नारळ भाईकाका फोडणार होते.

गौरजाचं डोकं फिरलं. तिने ओढणीची पिन काढली आणि सगळ्यांदेखत खालच्या ओठात खुपसली. रक्त आलं. पापणीसुद्धा लवली नाही तिची. "बघा! आता तरी लिवा!"

"अगो माज्या बाये, काय ह्यां केलंस!" तिची आई काशीबाई पदर घेऊन धावली.

सामंतांनी खरंच लिहिलं. 'सहनशक्ती: उत्कृष्ट. चारचौघांत येण्याचा संकोच: नाही.' दहा गुण. बेरीज बरोबर साठ झाली, आणि मंडपात टाळ्या पडल्या.

राहिला फक्त फोटो. सामंतांनी मोबाइल रोखला. "हसा."

गौरजाने प्रयत्न केला. ओठ हलला की होता तिथेच राहिला, तिला पत्ता नव्हता. डोळे मात्र भरून आले. "हसलंय काय मी?" तिने विचारलं.

"व्हय म्हाराजा!"

नसांच्या डॉक्टरची शिफारस नामंजूर झाली. फोटो मात्र मंजूर झाला. तो आता अभियानाच्या पोस्टरवर आहे, आणि गौरजा चहा पिताना शेजारी रुमाल ठेवते. तुम्ही हे सगळं वाचलंत, तिच्यासाठी हळहळलात, सामंतांना मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्यात. पण खरं सांगा, जबड्याचं ऑपरेशन म्हटल्यापासून तुम्हालाही एकच जाणून घ्यायचं होतं ना, की पोरगी आता दिसते कशी?