हुजूर वेंडल स्ट्रिकलंड यांचे एल्क-स्वारीची हकीकत

आज्ञा जाहली जे, कोलोरॅडो मुलुखी माहे सप्टेंबरांत ठासणीच्या बंदुकीची जी थोर स्वारी झाली तिची साद्यंत हकीकत लिहून ठेवणे, वंशजांस उपयोगी पडेल. त्यास सेवकाने पाहिले ते लिहिले, ऐकिले तेही लिहिले, आणि जे लिहू नये म्हणून हुजुरांनी दोन वेळां डोळे वटारिले ते तर अगत्याने लिहिले. हसू आल्यास वाचणाराने ओठ मिटून वाचावे.

तर गनिसनचे डोंगरी महापराक्रमी वेंडल स्ट्रिकलंड, उमर एकाहत्तर, आजन्म ट्रक हाकून सेवानिवृत्त, यांचे घरी पणजोबांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक, जीत आधी दारू ओतावी, मग गोळी घालावी, मग लाकडी गजाने ठासावी, आणि मग एकदाच बार काढावा, चुकल्यास पुनः सारे पहिल्यापासून. एल्क म्हणजे सांबराचा थोरला चुलता. त्याची मादी मारण्याचा परवाना मागेल त्यास मिळे, परंतु तो हुजुरांस कमीपणाचा वाटे. सबब शिंगाड्या नरासाठी अकरा वर्षे दरखास्त गुजारिली, अकरा वर्षे नामंजूर झाली, आणि तितकी वर्षे हुजूर दर रविवारी बंदूक पुसून खुंटीस लावीत राहिले. बाराव्या वर्षी सनद आली. मग ती फ्रिजच्या दारावर चिकटविली, आणि महिनाभर घरांत दुसरे बोलणे नाही.

या दौलतीचा खरा कारभार मर्लीनबाईसाहेब यांचे हाती. त्यांनी भर न्याहारीस फर्मान सोडिले:

"हे बघ वेंडल, तुझ्या शिंगांपायी अकरा वर्षं आपण दुकानातलं बीफ खातोय. यंदा ज्याच्या गोळीनं माझा फ्रीजर भरेल, ती खुंटीवरची बंदूक त्याची. तुझी नाहीतर जोलीनची."

हुजूर हसले. जोलीनबाई हसल्या नाहीत. या हुजुरांच्या कन्या, शाळेची बस हाकून चाळीस पोरे धाकांत ठेवणाऱ्या. यांस ती बंदूक आठव्या वर्षापासून हवी होती, आणि आठव्या वर्षापासून 'हात लावू नकोस' हाच जबाब होता. त्यांनी निमूट मादीचा परवाना काढिला आणि नवऱ्याची नवी ठासणीची बंदूक मागून घेतली. नवरा ब्रेंट, घरे विकण्याचा दलाल, यांचेकडे प्लास्टिकची पिपाणी फुंकून एल्क बोलाविण्याचे काम आले. त्यांचा पोशाख ऐसा की शत्रूस दिसू नये म्हणून अंगभर पाने छापलेली, आणि सरकारास दिसावे म्हणून त्यावर भडक नारिंगी जाकीट.

शनिवारी पहाटे ट्रकच्या मागल्या फळीवर कॉफी ओतिली आणि हत्यारे भरावयास घेतली. तेथे हुजुरांनी वार्षिक प्रवचन आरंभिले, जे हत्यार भरतां बोलू नये, बोलणाराचे चित्त ठिकाणी राहत नाही, अमक्या साली अमका शेजारी बोलत भरीत होता त्याची फजिती झाली. आणि हे सांगत सांगत फजितीचे हातवारे करीत गोळी नळींत सारिली आणि गज ठासला. आतां त्या गजावर पणजोबांनी चाकूने एक खूण कोरिली आहे. दारू आणि गोळी नीट बसली म्हणजे ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. ती दोन बोटे आंत गेली.

"बाबा, खूण दिसत नाहीये," जोलीनबाई बोलल्या.

"दिसेल कशी? ठासलंय कुणी! तुमच्यासारखं गोंजारत नाही मी."

"बाबा, दारू घातलीस का?"

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून भरतोय मी ही!"

ब्रेंट यांनी कॉफीच्या पेल्यांत पाहिले. जावयाचा धर्म त्यांस ठाऊक होता.

मग कूच झाले आणि दोन मैल चढून देवदाराच्या झाडीत मोर्चे धरिले, आणि ब्रेंट यांनी पिपाणी फुंकिली ती ऐसी की म्हातारी म्हैस जिन्यांत अडकावी. परंतु दैव थोर. समोरच्या उतारावरून खरोखरीचा नर निघाला, मागे चार माद्या, आणि चाळीस पावलांवर येऊन उभा राहिला. मस्तकी शिंगांचा ऐसा पसारा की अकरा वर्षांच्या नामंजुऱ्यांचे सार्थक व्हावे. बंदुकीस दुर्बीण लावण्यास कायद्याची मनाई. हुजुरांनी एक डोळा मिटिला, श्वास रोखिला, चाप ओढिला.

फट्.

धूर नाही, धडाका नाही. नुसती चापाखालची ठिणगीची टोपी वाजली. नराने हुजुरांकडे पाहिले. ते पाहणे ऐसे की सरकारी कचेरींत चुकीच्या खिडकीस उभा राहिलेल्याकडे पाहावे. मग तो सावकाश झाडीत गेला. एक मादी तेवढी मागे वळून घुटमळली, तोच शेजारून जोलीनबाईंचा बार झाला, आणि धूर विरेपर्यंत कोणासच काही दिसेना, आणि विरला तेव्हां मादी जागीच पडली होती.

"बाबा," मादीचे तुकडे पाडून झाल्यावर जोलीनबाई हळू बोलल्या, "वजन फार आहे. तू मागचा एक पाय घेशील?"

हुजुरांनी तो पाय खांद्यावर घेतला, दोन मैल उतरले, आणि वाटेत एकही प्रवचन झाले नाही, ही गोष्ट इतिहासांत प्रथमच.

ट्रकपाशी येऊन हुजुरांनी बंदूक कन्येच्या हाती दिली, गोळी आंत तैसीच. मग गजाच्या टोकास मळसूत्र लावून ती उपसण्याचा वेढा अडीच तास चालिला. ब्रेंट यांनी नळी धरिली आणि जोलीनबाईंनी ओढिले, आणि गोळी निघाली तेव्हां कोणी जयघोष केला नाही. जोलीनबाईंनी नळी पुसली, आणि गंभीर मुखाने पुसिले:

"बाबा, आधी काय घालायचं?"

हुजुरांनी गज उचलून त्यावरची खूण न्याहाळिली.

"दारू," हुजूर बोलले. मग स्वतःच हसले. "गप बस, आईला सांगशील तर बघ."

"आईला कशाला? लिहूनच ठेवते."

आणि चाकू घेऊन त्यांनी गजावर पणजोबांच्या खुणेच्या वर दोन बोटे दुसरी खूण कोरिली.

येणेंप्रमाणें फत्ते जाहली. फ्रीजर भरला, मादी एक, मोबदल्यांत बंदूक एक. हुजुरांचे म्हणणे जे, नराचे तारुण्य पाहून आपण जाणून दारू राखिली. तेही सेवकाने इमानाने नमूद केले आहे. गज मात्र पुढील पिढ्यांनी जपावा. खालची खूण, दारू घातली असतां. वरच्या खुणेशेजारी बारीक अक्षरांत कोरिले आहे: वेंडल.